सासूबाईंनी बसवलेलं स्टेअरिंग

आमच्या सासूबाईंशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून घ्यावं, कारण तो लवकर संपत नाही. आणि संपतो तेव्हा त्या म्हणतील तेच झालेलं असतं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, मीही काही कमी नाही. शेरास सव्वाशेर म्हणजे काय ते इथे कळलं.

सासूबाई पडदे शिवायच्या. आमच्या पुढच्या खोलीत अजून त्यांचं मशीन आहे. खिडकीचं माप घेण्यापासून दांडी भिंतीत ठोकण्यापर्यंत सगळं स्वतः करायच्या, कारण दुसऱ्याने केलेलं काम त्यांच्या पसंतीला उतरत नाही. माझी भाजीसुद्धा त्या "चांगली झालीय, पण" अशी सुरुवात करून खातात.

सासऱ्यांचा धंदा गाडी शिकवण्याचा. आमच्या भागातले निम्मे लोक त्यांच्या शिव्या खाऊन गाडी शिकले, आणि सासूबाईही त्यातच आल्या. त्या म्हणतात, "नवरा म्हणून एकदाही आवाज चढवला नाही, पण गाडीत बसले की माझा उद्धार करायचे." त्या माणसाला मागच्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. खुर्चीत बसवलं की बसतात, भरवलं की खातात. आपण काही बोललो तर बघतात, पण चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. पूर्वी हे घर त्यांच्या हसण्याने दणाणायचं हो.

राहिली होती ती फक्त संध्याकाळची फेरी. सासूबाई त्यांना पुढच्या सीटवर बसवायच्या, पट्टा लावायच्या आणि तळ्यापर्यंत नेऊन आणायच्या. गाडीत बसले की सासरे जरा जागे व्हायचे. डोळे रस्त्यावर, आणि वळण आलं की त्यांचा चांगला पाय तिथे नसलेला ब्रेक दाबायचा. डॉक्टर काहीही म्हणोत, सासूबाईंचं म्हणणं एकच, "ते आत आहेत. गाडीत बसले की मला दिसतात."

आणि नेमका सासूबाईंच्या हातांना संधिवात. बोटं सुजून अशी झाली की बरणीचं झाकणसुद्धा फिरेना. गाडी जुनी, तिचं स्टेअरिंग बारीक, कडक आणि एका जागी तडकलेलं. त्याला त्यांनी जाड कापडाचं आवरण शिवून बघितलं, पण ते हाताखाली फिरायला लागलं, म्हणून उसवून टाकलं. मग एकदा वळणावर स्टेअरिंग हातातून सुटलं आणि गाडी फुटपाथवर चढली. कोणाला काही झालं नाही, पण माझ्या नवऱ्याला बातमी कळली.

"आई, बास झालं. गाडी विकून टाकू," तो म्हणाला.

"आणि ह्यांचं काय?"

"बाबांना संध्याकाळी गच्चीत बसवू."

सासूबाई गप्प बसल्या. त्या बोलतात तोवर घाबरायचं कारण नसतं. गप्प बसल्या की मात्र सगळ्यांनी सावध व्हावं.

दोनच दिवसांनी त्या भंगारवाल्याकडून एक स्टेअरिंग घेऊन आल्या. आमच्याच गाडीच्या जातीचं, पण गुबगुबीत, कातडं चढवलेलं. त्यांच्या वाकड्या बोटांत ते छान बसत होतं. नाक्यावरच्या मेकॅनिकला माझ्या नवऱ्याने आधीच तंबी देऊन ठेवली होती, की आई आली तर काही करून द्यायचं नाही. म्हणून नवरा कामावर गेल्यावर सासूबाईंनी मला हाक मारली.

"अगं, पाना धर. माझ्या हाताने नट सुटायचा नाही."

"आई, हे पडद्याची दांडी बसवण्याइतकं सोपं नाही. दांडी निसटली तर पडदा पडतो. हे निसटलं तर आपण जाऊ."

"म्हणून तर तुला बोलावलं. तुझ्यात रागाचं बळ आहे, आवळ घट्ट."

मी पाना धरला.

गाडी अंगणात होती आणि सासरे खिडकीतून बघत होते. सासूबाईंनी आधी बॅटरीची तार काढायला लावली. मग पुढची चाकं अगदी सरळ करून घेतली, हॉर्नचं झाकण उचकटलं, आतली वायर सोडवली. स्टेअरिंग ज्या दांड्यावर बसतं त्याला बारीक दाते असतात. एक दाता इकडचा तिकडे झाला तरी गाडी सरळ जाताना स्टेअरिंग तिरकं दिसतं. म्हणून त्यांनी शिवणकामाचा खडू काढला आणि दांड्यावर खुणेची छान पांढरी रेघ ओढली. मला कौतुक वाटलं.

"नट पूर्ण काढू नकोस, दोन आटे राहू दे," त्या म्हणाल्या. "नाहीतर ओढताना स्टेअरिंग तोंडावर येईल."

खरंच आलं असतं. मी दोन्ही हातांनी इतका वेळ हिसके दिले की घाम फुटला, आणि मग ते खटकन सुटलं ते नटापाशी येऊन अडलं. माझे दात शाबूत आहेत ते सासूबाईंच्या कृपेने, हे मी इथे कबूल करते. त्यांच्यासमोर करणार नाही.

मी जुनं स्टेअरिंग ओट्यावर ठेवायला गेले. परत येते तर सासूबाई फडक्याने तो दांडा लख्ख पुसून बसलेल्या.

"आई, रेघ कुठाय?"

त्यांनी दांड्याकडे बघितलं, मग फडक्याकडे. फडक्यावर पांढरा डाग होता. जन्मभर पडदा गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी खडू पुसायची सवय. खडूची रेघ दिसली की हात आपोआप ती पुसणारच. मला हसावं की रडावं कळेना.

"मेली सवय," एवढंच त्या म्हणाल्या.

मग काय, अंदाजपंचे. त्या मागे सरकून, एक डोळा मिटून, पडदा बघावा तसं बघत "डावीकडे जरा, अंमळ उजवीकडे" सांगत होत्या आणि मी बसवत होते. बसवलं, नट आवळला. पान्यावर सगळा भार टाकला, नवऱ्यावरचा, नणंदेवरचा, सगळा राग त्यात घातला. वायर जोडली, हॉर्न वाजला. स्टेअरिंग खाली-वर, पुढे-मागे ओढून बघितलं, तसूभर हललं नाही. पण गल्लीत गाडी सरळ नेली तेव्हा ते चांगलं उजवीकडे कललेलं दिसलं.

"उद्या परत काढू," मी म्हटलं.

"उद्याचं उद्या. आज ह्यांची फेरी चुकवायची नाही."

सासऱ्यांना पुढे बसवून मी मागे बसले. तळ्याकडचा रस्ता सरळसोट आहे. सासूबाई वाकडं स्टेअरिंग धरून, मान ताठ करून गाडी सरळ चालवत होत्या. सासऱ्यांनी स्टेअरिंगकडे बघितलं. मग रस्त्याकडे. परत स्टेअरिंगकडे. आणि त्यांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, दुसरा झटका. सासूबाईंनी गाडी कडेला घेतली.

सासरे हसत होते. अर्धंच तोंड हसत होतं, पण खांदे गदगदा हलत होते, आणि चांगल्या हाताचं बोट स्टेअरिंगकडे.

"काय हसताय? तुमच्याच हाताखाली शिकले," सासूबाई म्हणाल्या. ते आणखी हसायला लागले. सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या त्यांना रागावतच होत्या.

रात्री नवरा आला. चिडला, ओरडला, मग स्वतः एक चक्कर मारून आला. "गाडी नीट चालतेय," नाइलाजाने म्हणाला. "पण स्टेअरिंग वाकडं बसलंय. रविवारी मेकॅनिककडून सरळ करून घेतो."

"हात लावायचा नाही."

"आई, उगाच वाकड्यात शिरू नकोस."

"उद्या लवकर ये आणि मागे बस. मग बोल."

आम्ही दोघींनी त्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो तोंड पाडून माझ्या शेजारी मागे बसला. सरळ रस्ता लागला, सासऱ्यांनी स्टेअरिंगकडे बघितलं आणि ते हसू परत आलं. नवरा पुढे वाकला होता तो तसाच राहिला. मग त्याने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

घरी आल्यावर तो चावी घेऊन परस्पर मेकॅनिककडे निघाला. मी मागोमाग गेले, म्हटलं हा आता काय करून येतोय. मेकॅनिक म्हणाला, "सरळ करून देतो, पाच मिनिटांचं काम आहे."

"नको," माझा नवरा म्हणाला. "नट नीट आवळलाय का तेवढं बघ. स्टेअरिंग आहे तसंच राहू दे. माझे वडील त्याला हसतात."