धुतलेला बांगडा

माझे वडील मिठागरात राबले. पेणजवळ, धरमतरच्या खाडीकाठी आमचं गाव. चाळीस उन्हाळे त्यांनी लाकडी फळीनं मीठ ओढलं, आणि शेवटी डॉक्टरांनी त्यांचं मीठच बंद केलं. गावात लोक हसले. पहिल्या दिवशी मीही हसले होते. आता ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

सुरुवात पायांपासून झाली. घोटे सुजले. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. खाऱ्या पाण्यात उभं राहून पाय सुजायचेच, असं म्हणत आम्ही दोन महिने घालवले. मग त्यांना आडवं पडून श्वास घेता येईना. भाताच्या पोत्याला टेकून ते बसल्या बसल्या डोळा लावायचे.

पेणच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. हृदय थकलंय, रक्त पुढं ढकलत नाही. मूत्रपिंडांना रक्त कमी पोचलं की त्यांना वाटतं शरीरातलं पाणीच आटलं. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी पायांत, फुप्फुसांत साचतं. "मीठ जिथं, पाणी तिथं," डॉक्टर म्हणाले.

वडिलांनी मान हलवली. "ता मना ठावं हाय. पावसाल्यात मिठाची गोन पानी सोडते."

मी तेव्हा रोह्याला राहून तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची, रविवारी घरी यायची. हृदयाचे चार कप्पे रंगीत खडूंनी फळ्यावर काढायची, मुलं वहीत उतरवून घ्यायची. घरात शिकलेली मी एकटीच, म्हणून औषधं आणि पथ्य माझ्याकडे आलं. आईनं मिठाची बरणी माळ्यावर टाकली आणि शिडी शेजारणीकडे ठेवली. तिचं सगळंच असं टोकाचं. वडील आळणी कालवण बघून घास हातात धरून बसायचे. तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

एका रविवारी आई पेणच्या बाजाराला गेली होती. मी पेज वाढली तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाय, खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा दे गो. मंग मेलो तरी चालंल."

मी विरघळले. पुढच्या शनिवारी रोह्याच्या बाजारातून खारा बांगडा घेतला. भिजत घातला, तीनदा पाणी बदललं, वरचं पांढरं मीठ चोळून चोळून काढलं. शेवटचं पाणी जिभेवर घेऊन पाहिलं, ते सपक लागलं. मिठागरवाल्याची मुलगी मी. डोळ्यांना दिसतं ते मीठ, धुतलं की गेलं, असं मला खरंच वाटलं. भाजून डब्यात भरला. आई बाजारात असताना त्यांनी पेजेबरोबर तो खाल्ला, तेव्हा त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला. उरलेला डबा आम्ही खाटेखाली, गोधड्यांमागं सरकवला. त्यानंतर दर रविवारी मी डबा न्यायची.

डॉक्टरांनी वजन बघत राहा म्हणून सांगितलं होतं. गावात काटा एकच, मीठ तोलायचा. त्यावर आम्ही त्यांना उभं करायचो. वजन किलोभर वाढलं, मग आणखी दीड किलो. आई शेजारणींना सांगत सुटली, "आता खाल्लेलं अंगाला लागतंय." मी ते आकडे वहीत लिहिले आणि मलाही बरं वाटलं. ते वाढलेलं वजन पाण्याचं होतं. फळ्यावर हृदय काढणाऱ्या बाईंना एवढं कळू नये!

पाचव्या आठवड्यात मंगळवारी शाळेत निरोप आला. मी पेणच्या दवाखान्यात पोचले तेव्हा वडील पुढं वाकून बसले होते, छातीत बुडबुडे वाजत होते, ओठ काळेनिळे. डॉक्टरांनी विचारलं, मीठ कुठून गेलं? आईनं पिशवीतून डबा काढून समोर ठेवला. गोधड्या काढताना तिला तो सापडला होता. आत काटे आणि एक शेपटी.

"हे मीठ मांसात मुरलेलं असतं," डॉक्टर म्हणाले. "वरून धुऊन ते पुरतं जात नाही."

मी तोंड उघडलं. पण त्याआधी वडिलांनी नाकावरचा ऑक्सिजन बाजूला केला. "मीच घेतला गावातल्या कोलनीकडनं," ते थांबत थांबत म्हणाले. "चोरून खायचो. पोरीला काय ठावं नाय."

आई त्यांना नको नको ते बोलली. दवाखान्यात, सगळ्यांदेखत. ते खाली बघून ऐकत राहिले. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मला वाटलं, उद्या सांगू, जरा बरे होऊ देत.

शुक्रवारी सकाळी ते गेले.

आई त्यानंतर चौदा वर्षं जगली. कुणीही भेटायला आलं की म्हणायची, "जिभेपायी गेला. माझा इचार नाय केला त्यानं." त्यांचा फोटो तिनं भिंतीला लावू दिला नाही. मी दर वेळी शेजारी बसून ऐकून घ्यायची आणि पाहुण्यांना चहा करायला उठायची. मरेपर्यंत ती त्यांच्यावर रागावलेलीच होती.