पाठीला जाळी

साताऱ्याहून तासगावची एसटी धरली तेव्हा मांडीवर पिशवी होती आणि डोक्यात हवा. पिशवीत मी शिवलेला फवारणीचा पोशाख: पुढून जाड कापड, पाठीला आणि काखेत जाळी. मी कामाचे कपडे शिवणारा साधा टेलर. पण त्या दिवशी स्वतःला मोठा डिझायनर समजत होतो, खोटं कशाला सांगू!

कराडच्या अलीकडे टायर बसला. रस्त्याकडेला उसाचा रस पीत तासभर उन्हात काढला. पुढे ऊस संपत गेला आणि द्राक्षाचे मांडव (तारांवर चढवलेल्या वेलींची छपरं) सुरू झाले.

ज्याच्यासाठी पोशाख शिवला होता तो भीमराव बागेत वाटच बघत होता. मूळचा आटपाडीकडचा, मेंढरं विकून इथं फवारणीला राहिलेला. गेल्या हंगामात प्लॅस्टिकच्या पोशाखात उकडून चक्कर येऊन पडला, तेव्हापासून नुसत्या बनियनवर फवारायचा. अंगभर चट्टे उठले होते. "अंग झाका, नाहीतर काम सोडा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काम सुटलं तर मालकाची खोलीही जाणार होती.

त्यानं पोशाख चढवला, हात वर-खाली केले.

"आवं मास्तर, वारं लागतंय की! लय झ्याक!"

मी फुगलो. तो ट्रॅक्टरच्या टाकीची नळी ओढत मांडवात गेला. "आदी चार घास खावा, दादा," म्हणत त्याच्या बायकोनं, सुमननं, भाकरी आणि खर्डा वाढला. मी झाडाखाली निवांत जेवलो. अगदी बोटं चाटून जेवलो, मेल्यानं!

मग बघायला गेलो. भीमराव नळी वर धरून डोक्यावरच्या पानांवर फवारत होता आणि सगळं परत त्याच्याच पाठीवर गळत होतं. जाळी चिंब. आमच्याकडे आलं, सोयाबीन अशा बुटक्या पिकांवर फवारा पुढे, खाली मारतात. मी त्याच बेतानं शिवलं होतं. ओरडून पंप बंद करवला.

"बाहेर ये! पाठ धू आधी!"

"काय हुतंय? औषधच हाय न्हवं," तो हसला.

दिवस कलायच्या आत त्याला उलट्या सुरू झाल्या. सांगलीच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडले. जीव वाचला, पण डॉक्टरांनी फवारणी कायमची बंद केली. मला बघून पुटपुटला, "गार वाटलं बगा."

मला तोंड लपवावंसं वाटलं. आयुष्यभर गिऱ्हाइकाला "उकडतं का?" विचारत आलो; "अंगावर कुठून पडतं?" हे एकदाही विचारलं नाही.

दवाखान्यातून साताऱ्याला निघताना सुमनला म्हटलं, "वहिनी, तो पोशाख जाळून टाका."

"जाळायचा कशाला? खोली जाऊ नये म्हनून धाकला दीर आलाय कामाला. राती खोलीवर जाऊन धुऊन दिला त्याला. सकाळपासनं त्योच घालून फवारतोय. अजाबात उकडत न्हाई, मगाशी फोनवर म्हनला."

मी तिच्या फोनवरून त्याला फोन लावला. नुसता वाजत राहिला. पंपाच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? साताऱ्याच्या गाडीचा नाद सोडला आणि स्टँडवर तासगावच्या गाडीकडे पळत सुटलो.