माझ्या बुटांच्या ठशांवर पंजे

मंडळी, आजचा अनुभव लगेच ग्रुपवर लिहितोय.

आज सकाळी चोरखमारा तलावामागच्या जंगलात नेहमीसारखा एकटाच गेलो होतो. बायकोला आठवा महिना लागलाय. बाळ आलं की हे भटकणं बंद होणार, म्हणून जरा जास्तच आत शिरलो.

तासाभरानं त्याच वाटेनं परतलो. नाल्याच्या ओल्या गाळात माझ्या बुटांचे ठसे होते आणि त्यांच्यावरच बिबट्याचे ताजे पंजे उमटले होते. बाजूला अगदी छोटे पंजेही.

एरवी आधी फोटो काढला असता. आज मोबाईल काढायचंही सुचलं नाही. मागं वळून पाहिलं. काहीच नव्हतं. एक पाखरूही बोलत नव्हतं.

तेवढ्यात मोहफुलं वेचणाऱ्या बाया आल्या. त्यांच्यातली एक म्हातारी ठसे पाहून म्हणाली, "एकटा काऊन फिरून राहिला बापा? पिल्लावाली हाय. तुह्या मागंमागंच होती."

त्यांच्याच सोबतीनं गुपचूप बाहेर आलो.

घरी बायकोनं विचारलं, "काय दिसलं आज?"

"काही नाही," म्हणालो. जंगलाबद्दल तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोललो.

तुम्ही खरं सांगितलं असतं का?