लॅपटॉपला दिलेला ताण

लॅपटॉप रीस्टार्टला लावला की मी बगीच्यात जाऊन उभा राहायचो. आत पडद्यावर ते गोल फिरत राहायचं, आणि बाहेर आमच्या सौसरचं धुकं संत्र्याच्या ओळींमधून अलगद उठायचं. बंद व्हायला वीस मिनिटं, चालू व्हायला तेवढीच. तेवढा वेळ मी कुणाचाच नसायचो. खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

ऑफिसला आवडत नव्हतं. आई गेल्यावर बाबा एकटे पडू नयेत म्हणून मी पुण्याचं काम घरी घेऊन आलो होतो. नऊच्या मीटिंगला तीनदा उशीर झाला, तेव्हा साहेबांनी सांगून टाकलं, आता एकदा जरी झाला तर पुण्याला परत या.

पौषात दहा दिवस सुटी मिळाली. बगीच्याचं पाणी तोडलं होतं. असा ताण दिला की झाड पुढे लदबदून फुलतं. बाबा लॅपटॉपकडे बघून म्हणाले, "थकला तो. बगीच्यासंगं त्यालेबी ताण दे. हात नोको लावू."

आणि मी शिकलासवरलेला गाढव, ऐकलं!

सुटीच्या शेवटच्या दिवशी चालू केला, तर दहा दिवसांचे साचलेले अपडेट सुरू झाले. दुपार झाली तरी गोल फिरतंच होतं. पांढुर्ण्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "चालू होतावेळी त्याच्यासंगं काय काय उठते, ते पाहा."

संध्याकाळी एकदाची यादी उघडली. चौदा प्रोग्रॅम, न बोलावता उठणारे. बाबा खुर्ची ओढून बसले. "हे तं पाणसोट आहेत," म्हणाले. फळ न देता झाडाचा रस खाणाऱ्या फांद्या. "काप."

मी एकेक बंद करत गेलो. बाबा प्रत्येकाला मान डोलवत होते.

सकाळी उठलो तर बाबा बंद लॅपटॉपसमोर बसलेले, हात मांडीवर.

"चालू कर," म्हणाले. "तू जाऊन राहिला का थांबून राहिला, ते समजू दे."

बटन दाबलं. गॅसवरचं दूध वर येण्याआधी पडदा उजळला. मग मुद्दाम रीस्टार्ट केला. तोही तेवढ्यातच झाला.

"थांबून राहिलो, बाबा."

ते उठले, चप्पल शोधू लागले.

"चाल मंग. नऊला वेळ आहे. आज बगीच्याचा ताण तोडू. पाणी तू सोड."