देवाची चेष्टा करणारे बुवा

आमच्या बुवांनी देवाची चेष्टा केली नाही असा एक मंगळवार मला आठवत नाही. घाटकोपरच्या डोंगरावर आमची चाळ होती तेव्हापासून दर मंगळवारी गणपतीच्या देवळात भजन असे. बुवा पेटीवर बसले की आधी मूर्तीकडे बघून डोळे मिचकावत. नैवेद्याला उशीर झाला तर म्हणत, "वाट बघून बघून सोंड लांब झाली रे ह्येची!" बायका पदराआड हसत आणि म्हातारे मान डोलावत. मग बुवा अभंगाला सूर लावत, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत असे. देवावर इतका जीव असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

माझे वडील आणि बुवा एकाच गिरणीत होते. गिरणी गेल्यावर बुवा एका ऑफिसात शिपाई झाले, वडील घरी बसले. वडिलांबरोबर मी लहानपणापासून भजनात झांज वाजवायचो. कॉलेजात गेल्यावर देव आहे हे मला पटेनासं झालं. विशीतल्या पोराला असतो तेवढा सगळा माज घेऊन मी ते बुवांना सांगितलं. ते पेटीचा भाता पुसत होते. म्हणाले, "नको मानू. झांज तालात वाजव म्हणजे झाला. देवाक ताल कळता, तुझ्या मनातला काय तेका दिसना नाय." पुढे ते मला गमतीने सांगत, की मंडळात एखादो न मानणारो पण होयो, नायतर देवाक सगळीच लाडात ठेवतली.

म्हणून मी चाळीस वर्षं झांज वाजवली. विमा कंपनीत कारकुनी केली, मुलुंडला एका शाळेच्या वर्गात दर रविवारी जमणाऱ्या आमच्या विवेकवादी मित्रमंडळात अंधश्रद्धेवर भाषणं केली आणि मंगळवारी देवळात झांज वाजवली. रविवारचे मित्र मला 'मंगळवारचा भक्त' म्हणून चिडवायचे. मी म्हणायचो, मला सूर आवडतो. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मला बुवा आवडायचे.

चाळ पाडून टॉवर झाला. देऊळ पार्किंगच्या शेजारी आलं, त्याला चकचकीत लाद्या लागल्या, आणि देवळाच्या दारात कपाळावर ठसठशीत टिळा लावलेली, एकसारखे कुडते घातलेली मंडळी दिसू लागली. त्यातले अर्धे माझ्यासमोर वाढलेले. आमचा पखवाजवालाही त्यांच्यात गेला. त्याला पखवाज बुवांनीच शिकवला होता, मांडीवर ठेके धरून. आता चाळिशीचा, बँकेत नोकरीला, मुलगी दहावीत. तरीही बुवांच्या पाया पडल्याशिवाय तो पखवाजाला हात लावत नसे.

डबलबारी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. आम्हा कोकणी लोकांचा हा भजनाचा सामना असतो. स्टेजवर दोन बुवा, दोन मंडळं. एकाने गायचं, चिमटा काढायचा, दुसऱ्याने गाऊनच उत्तर द्यायचं. यात समोरच्या बुवाची, त्याच्या मंडळाची, त्याच्या देवाचीसुद्धा टोपी उडवली जाते, आणि शेवटी दोघे एकमेकांच्या गळ्यात पडतात. सगळं तिथल्या तिथे सुचलेलं असतं. लिहून आणणाऱ्याला आम्ही बुवाच म्हणत नाही.

तीन वर्षांपूर्वी माघी गणपतीला बोरिवलीत आमची बारी होती. समोरच्या बुवांनी त्यांच्या मंडळाच्या मूर्तीचं कौतुक केलं, किती फुटांची, किती दागिन्यांची. आमचे बुवा पेटी सोडून उठले आणि हात जोडून मूर्तीसमोर उभे राहिले. म्हणाले, देवा, पूर्वी तू आमच्या घरातल्या पाटावर मावायचास, मांडीवर घेऊन तुला आणायचो. आता एवढा वाढलास की क्रेन आल्याशिवाय तुला जागचं हलता येत नाही. आमच्या घरचे मोदक तर तेवढेच आहेत, मग तुला भरवतंय कोण? टाळ्या थांबेनात. समोरच्या बुवांनीसुद्धा कान धरून दाद दिली. मी मागे झांज घेऊन बसलो होतो आणि हसून हसून माझा ताल चुकला.

दोन दिवसांनी त्याची चाळीस सेकंदांची क्लिप फिरू लागली. हात जोडल्याचं कापलं होतं, टाळ्या कापल्या होत्या, प्रश्नही कापला होता. उरलं होतं ते एवढंच, की एक म्हातारा गणपतीला 'तुला जागचं हलता येत नाही' असं सांगतोय. खाली लिहिलं होतं, आपल्याच लोकांनी केलेली देवाची विटंबना.

ती मंडळी बुवांच्या घरी आली तेव्हा मी तिथेच होतो. सहाजण, पुढे आमचा पखवाजवाला. कुणी आवाज चढवला नाही. चपला बाहेर काढल्या, बुवांच्या पाया पडले, बुवांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, केलेला चहा प्यायले. पखवाजवाला म्हणाला, "बुवा, तुमची भक्ती आम्हाला माहीत आहे ना. पण ते दिवस गेले. आपण आपल्यात बोलायचं वेगळं. आता बाहेरचे बघतात, हसतात आपल्या देवाला. एक व्हिडिओ करू, माफीचा. विषय संपला." बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. ते नाटक नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"अरे, मी तेची मस्करी आज करतंय काय?" बुवा म्हणाले. "तेनी कधी तक्रार केली नाय."

"त्याच्या वतीने आम्हाला करावी लागते," दुसरा एकजण शांतपणे म्हणाला.

मी तावातावाने बोलायला लागलो. बुवांनीच मला हाताने गप्प केलं. ते खाली देवळात गेले, मूर्तीकडे पाठ आणि मोबाइलकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांनी दोन्ही कान धरले. पहिल्यांदा आवाज नीट आला नाही म्हणून त्यांना पुन्हा धरायला लावले.

माझं डोकं फिरलं. त्याच आठवड्यात मी लिहायला बसलो. आमच्या मित्रमंडळाचं फेसबुक पान होतं, त्यासाठी. चांगलं लिहिलं, हे मला तेव्हाही कळत होतं. डबलबारीची परंपरा, देवाशी भांडणारे आपले संत, एका वृद्ध कलावंताला झुंडीने धरायला लावलेले कान. आणि शेवट जमत नव्हता म्हणून एक वाक्य घासूनपुसून तयार केलं: 'बुवांचा देवावर विश्वास असेलच असं नाही, त्यांचा विश्वास आहे तो माणसावर.' या वाक्यावर मी खूश होतो. बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बुवांना विचारलंस?" मी म्हटलं, त्यांच्याच बाजूने तर लिहितोय.

मी विचारलं नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या मागे बसलो, त्याच्या मनात काय आहे हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, अशी माझी खात्री होती. या खात्रीला दुसऱ्यांच्या बाबतीत मी काय नाव ठेवतो, ते रविवारच्या भाषणांना आलेल्यांना माहीत आहे.

लेख खूप फिरला. अनोळखी माणसांनी अभिनंदन केलं. मित्रमंडळाने बुवांचा फोटो टाकून पोस्टर केलं, 'देवालाही जाब विचारणारा बुवा'. मुलुंडला सभा झाली. अध्यक्ष होते आमचे सर, निवृत्त प्राध्यापक, सज्जन माणूस. ते म्हणाले की हा भजनी बुवा मनाने आपलाच आहे. मी टाळ्या वाजवल्या.

माझ्या त्या वाक्याखाली लाल रेघ मारून त्याचा फोटो आमच्या टॉवरच्या ग्रुपवर आला. वर लिहिलं होतं, यांच्याच मंडळातला माणूस काय सांगतोय वाचा. माफीनंतर जे निवळत आलं होतं, ते पुन्हा पेटलं. आता चूक एका बोलण्याची राहिली नव्हती. माणूसच नास्तिक, इतकी वर्षं देवळात ढोंग करत होता, आणि त्याला पुरावा माझा. ठरलेल्या बाऱ्या रद्द झाल्या. देवळाच्या मंगळवारच्या भजनाला डोंबिवलीहून दुसरे बुवा आणले गेले. आमची पेटी देवळातून उचलून बुवांच्या दाराबाहेर ठेवली होती. वर घडी घातलेला स्वच्छ पंचा टाकलेला. तो पखवाजवाल्याने टाकला असणार, असं मला अजून वाटतं.

बुवा माझ्याकडे आले ते जिन्याने. लिफ्टमध्ये माणसं बोलायची थांबतात, म्हणून त्यांनी लिफ्ट सोडली होती. बराच वेळ धाप लागली होती. पाणी प्यायले नाहीत.

"तू लिवलंस ता माझ्या नातीन वाचून दाखवल्यान," ते म्हणाले.

मी खुलासा करू लागलो. मला तसं म्हणायचं नव्हतं, संदर्भ सोडून घेतलंय, वगैरे. म्हणजे क्लिपबद्दल आम्ही जे बोलत होतो, तेच.

"तेंनी माका पापी म्हटल्यांनी," बुवा म्हणाले. "म्हणांदेत. पापी झालो तरी माणूस देवाचोच असता. तू माझो देवच काढून घेतलंस रे. तुका कोणी सांगितल्यान, माझो विश्वास नाय म्हणान?"

ते गेल्यावर मी सरांना फोन केला आणि लेख, पोस्टर, सगळं काढून टाका म्हणालो. सर समजावणीच्या सुरात बोलले. म्हणाले, तुमची भावना कळते, पण आता हा एका माणसाचा प्रश्न राहिलेला नाही. पखवाजवाल्याला जिन्यात गाठून हात जोडले, तेव्हा तोही जवळजवळ हेच म्हणाला. एका माणसासाठी धर्माचं नुकसान करायचं का, काका? एका माणसाचं काय करायचं, हे दोन्हीकडे कुणालाच माहीत नव्हतं. मला तरी कुठे होतं?

रविवारी मी जात नाही आता. मंगळवारीही नाही. मुद्दे कुणाचे बरोबर, असं मला कुणी आजही विचारलं तर मी सरांच्या बाजूने बोट वर करीन. पण त्याने काहीही होत नाही. बुवा गात नाहीत. वहिनी सांगतात, आंघोळ करतानासुद्धा गुणगुणत नाहीत. माझी झांज कपाटात आहे, आणि कपाट आवरताना ती वाजली की मला घरात थांबवत नाही.

यंदा चतुर्थीला वहिनींनी फोन करून बोलावलं. बुवांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. मी गेलो. मजल्यावरची चार-पाच घरं जमली होती. इतर फिरकले नव्हते. आमच्याकडे आरतीनंतर घरातला वडीलधारा देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो, काय हवं ते मागतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे 'होय महाराजा' म्हणतात. ते ठरवून कुणी बोलत नाही. घरात बापाशी बोलावं तसं, येईल ते बोलायचं असतं.

आरती संपत आली तशी बुवांनी मला खूण करून स्वयंपाकघरात नेलं. सदऱ्याच्या खिशातून वहीचा कागद काढला. त्यावर मोठ्या, वाकड्या अक्षरांत त्यांनी गाऱ्हाणं लिहून काढलं होतं.

"जरा बघ रे," ते हळूच म्हणाले. "तू लिवणारो माणूस. कोणाक लागात असा काय नाय मां ह्येच्यात?"

मी वाचलं. नातीला कॉलेज मिळू दे. वहिनींचे गुडघे बरे होऊ देत. मजल्यावरच्या लेकराबाळांना सुखी ठेव. आणि मध्ये एक ओळ होती: देवा, त्या दिवशी तुझ्यासमोर माका कान धरूक लावल्यांनी, तेव्हा तू खय बघत होतंस?

बाहेर पखवाजवाल्याची बायको बसली होती. कुणाच्या तरी हातात मोबाइल होता, आरतीचा व्हिडिओ घेतला जात होता. बुवा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"ही नको, बुवा," मी म्हणालो.

त्यांनी लगेच मान हलवली. मी पेन काढलं आणि ती ओळ खोडली. खालची अक्षरं दिसत होती म्हणून पुन्हा एकदा खोडली.

बुवांनी चष्मा लावला, कागद दोन्ही हातांनी धरला आणि देवासमोर उभे राहून वाचायला लागले. खोडलेल्या जागी ते थांबले. मग बोट खालच्या ओळीवर नेऊन त्यांनी पुढचं वाचलं. सगळे म्हणाले, होय महाराजा. मीही म्हणालो.