अकरा एकवीसला बंद पडणारा कॉम्प्युटर

खोटं बोलणारी माणसं मला आवडत नाहीत आणि खोटं बोलणारी मशिनं तर त्याहून नाहीत. माणसाला निदान चार शब्द सुनावता येतात.

वीस वर्षं झाली, मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. दुकान माझं, हातही माझेच. आत येऊन "मेकॅनिक कुठे आहे?" म्हणून विचारणाऱ्यांना मी "समोर उभी आहे, चष्मा लावा" असं सांगते. तोंड माझं फटकळ आहे, ते मला ठाऊक आहे. पण गेल्या वर्षी एका मशिनपुढे मी हात टेकले, आणि त्याच्या मालकापुढे माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

मालक म्हणजे टेलिफोनकाका. हे नाव मीच ठेवलेलं. चौतीस वर्षं ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लोकांनी नंबर सांगायचा, काकांनी बोर्डात वायर खुपसून लाइन जोडून द्यायची, बोलणं संपलं की वायर उपटायची. तो जमाना गेला, काका रिटायर झाले, पण "हॅलो" म्हणायची त्यांची तऱ्हा काही गेली नाही. पहिल्यांदा दुकानात फोन आला तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी मोठ्या ऑफिसातून बोलतायत.

"कॉम्प्युटर बंद पडतोय," ते म्हणाले. "दर रविवारी. अकराला सुरू करतो, अकरा एकवीसला बंद पडतो. कधी बावीसला."

"काका, रविवार आहे हे मशिनला काय कळतंय?"

"त्याला नसेल कळत," ते म्हणाले. "मला कळतं ना."

तिसरा मजला, लिफ्ट नाही. धापा टाकत वर गेले तर काका दारातच उभे, इस्त्रीचा शर्ट घालून. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि सगळं कसं जिथल्या तिथे. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोटलासुद्धा कव्हर. काकू शिवणकाम करायच्या. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता घरात काका, कव्हरं आणि भिंतीवरचं घड्याळ.

टेबलावर मॉनिटर, खाली पायाशी मशिनचा डबा. मी डबा उघडला आणि चाट पडले. आत धुळीचा एक कण नाही! लोकांच्या मशिनमधून मी झुरळं काढली आहेत, एकदा तर पालीची अंडी. आणि हा डबा मात्र काल कारखान्यातून आल्यासारखा. मी मशिन चालू केलं, तासभर समोर बसले. ढिम्म काही झालं नाही. पंखा फिरतोय, सगळं गार. दुरुस्तीच्या कार्डावर लिहिलं, 'दोष आढळला नाही', आणि खाली उतरले.

सोमवारी सकाळी फोन. "पडला. अकरा बावीस."

मग सुरू झाली आमची वरात. पॉवर सप्लाय बदलला. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. मेमरी काढून खोडरबराने घासली. भिंतीतला प्लगसुद्धा तपासला. शेवटी डबा उचलून दुकानात आणला आणि तीन दिवस, दिवसभर चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही. मी समोर बसून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. कार्डावर पुन्हा तेच, 'दोष आढळला नाही'. हे वाक्य लिहायला मला इतकं जिवावर येतं म्हणून सांगू! परत नेऊन जोडला, आणि रविवारी पुन्हा अकरा एकवीस. नाकी नऊ आणले मेल्याने.

"काका, तुम्ही नक्की करता काय अकराला?" चौथ्या खेपेला मी वैतागून विचारलं.

"मुलीशी बोलतो," ते म्हणाले.

मुलगी एकुलती एक, लांब, विमानाने जावं लागतं इतकी लांब. नवरा, छोटं मूल, नोकरी. रविवारचे अकरा ही तिने दिलेली वेळ. काकांच्या छोट्या फोनवर त्यांना तिचा चेहरा नीट दिसत नाही, ऐकूही कमी येतं, म्हणून हा मोठा पडदा आणि दोन स्पीकर. कीबोर्डखालून त्यांनी एक कागद काढला. आठवडाभरात सुचेल ते त्यावर लिहून ठेवायचे. पाण्याची टाकी गळते. समोरच्या बाईंना नात झाली. डोळ्यांचा नंबर वाढला. असे आठ मुद्दे, आणि सगळ्यात शेवटी, नववा, खाली रेघ मारलेला: 'येऊ का, ते विचारणे.'

"कुठे येऊ?" मी विचारलं.

"तिच्याकडे. राहायला." काका कागदाची घडी घालत म्हणाले. "इथे आता... संध्याकाळी दिवा लावला ना, की वाटतं, कोणासाठी लावला? कंटाळा येतो गं. फार कंटाळा येतो. पण तिथवर पोचतच नाही. पाचव्या-सहाव्या मुद्द्यालाच हा बंद पडतो."

"मग पहिलाच मुद्दा तो करा ना! फोन लागला की विचारून मोकळे व्हा."

काका माझ्याकडे असं बघायला लागले जणू मी अडाणी आहे. "असं तोंडावर कोणी विचारतं का? आधी इकडचं-तिकडचं व्हावं लागतं. चौतीस वर्षांत मी बघितलंय, खरं बोलायचं असतं ते माणसं सगळ्यात शेवटी बोलतात."

"म्हणजे तुम्ही ऐकायचात लोकांचं?"

"लाइन चालू आहे का बघावं लागायचं," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, आणि मग हळूच हसले. "तुला एक गंमत सांगतो. माणूस फोन ठेवायला निघाला ना, की तो 'बरं' म्हणायला लागतो. मध्ये काहीही बोलू दे. एक बरं, दुसरं बरं. तिसरं बरं ऐकलं की माझा हात आपोआप वायरवर जायचा. कधी चुकलो नाही."

"मग चिठ्ठी लिहा, मेसेज करा."

"लिहून विचारलं तर ती लिहून कळवेल. लिहिलेल्या 'या'ला आवाज कुठे असतो? मला तिचा आवाज ऐकायचाय, ती 'या' म्हणताना."

मी स्क्रूड्रायव्हर गोळा केले आणि निघाले. घाईत एक तिथेच राहिला.

त्या विसरलेल्या स्क्रूड्रायव्हरनेच घोळ निस्तरला. शुक्रवारी त्याच इमारतीत तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा प्रिंटर बघायला गेले होते, म्हटलं वर जाऊन घेऊन यावा. न कळवता बेल वाजवली. काका बनियनवरच दार उघडायला आले, ओशाळले. आत कॉम्प्युटर चालू होता, पडद्यावर काकूंचे फोटो. मी सवयीने टेबलाखाली नजर टाकली.

"कपाळ माझं! काका, हे काय आहे?"

"कव्हर."

कव्हर! फुलाफुलांचं, जाड कापडाचं, खाली झालर, मागे चार ठिकाणी नाड्या बांधलेल्या. डब्याला नखशिखांत गुंडाळलेलं. आणि आत तो बिचारा पंखा तीच तीच गरम हवा फिरवतोय. मी हात लावला तर चटका बसला.

"तुम्ही ह्याला स्वेटर घालून डोंगर चढायला लावताय आणि वर विचारताय, का पडतो? मी आले तेव्हा कधी दिसलं नाही ते!"

"तू येणार म्हणून काढून ठेवायचो," काका गोंधळून म्हणाले. "डॉक्टरकडे जाताना आपण नाही का नीट तयार होऊन जात? दुकानात नेलास तेव्हाही काढूनच दिला होता. हिने शिवलंय. मळलं असतं."

मला हसावं की रडावं कळेना. "अहो, पण काकू होत्या तेव्हा? तेव्हा नव्हता ना बंद पडत?"

"नाही. तेव्हा मी अंघोळ करून यायचो, सगळं तयार असायचं. खुर्ची, पाणी. नुसतं येऊन बसायचो." बोलता बोलता त्यांची नजर त्या कव्हरवर गेली. "म्हणजे ती काढायची," ते म्हणाले. "दर रविवारी वाकून काढायची, आणि बोलणं झालं की घालायची. गुडघे दुखायचे तिचे. आणि मला पत्ताच नाही."

मी नाड्या सोडायला वाकले, तर काका एकदम ओरडले, "गाठी सोडू नकोस!" मग आवाज उतरवून म्हणाले, "तिने बांधलेल्या आहेत. मला तशा जमत नाहीत." लहान मुलाचं झबलं काढावं तसं त्यांनी ते कव्हर वरून अलगद काढलं. गाठी तशाच राहिल्या.

रविवारी मी पावणेअकरालाच हजर. म्हटलं, ह्या मशिनने माझी इतकी फजिती केली, तर अकरा एकवीस टळताना मी डोळ्यांनी बघणार. खरं सांगायचं तर रविवारी मलाही घरी वाट बघणारं कोणी नसतं. काकांनी कव्हर घडी करून पलंगावर ठेवलं होतं. दाढी गुळगुळीत, पाण्याचा तांब्या भरलेला. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर मी बसले. मुलीला मी दिसत नव्हते, पण मला पडदा दिसत होता.

अकराला ती आली. गोड चेहरा, केस घाईने बांधलेले, मागे भांडी धुण्याचा आवाज. "बाबा, औषधं घेताय ना?" इथून सुरुवात. काका एकेक मुद्दा घेत होते, झाला की पेन्सिलीने टिकमार्क. टाकी झाली. नात झाली. डोळे झाले. मुलगी चांगली होती हो, मी उगाच नावं ठेवणार नाही. हसत होती, विचारत होती.

अकरा वीस. काकांनी घड्याळाकडे बघितलं, मी बघितलं. अकरा एकवीस. अकरा बावीस. पंखा मजेत फिरत होता. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. काका ताठ बसले. सातवा मुद्दा झाला, आठवा झाला. अकरा सत्तावीस. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि पेन्सिल नवव्यावर ठेवली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आज बंद नाही पडला का?"

"नाही पडला गं अजून."

"बरं," ती म्हणाली. "छान झालं की."

तेवढ्यात मागून तिला कोणीतरी हाक मारली, मूल रडायला लागलं. ती मान वळवून हळू आवाजात म्हणाली, "आलेच रे. बंद पडेलच एवढ्यात."

हळू म्हणाली. पण स्पीकर मोठे होते, आणि ऐकणारा माणूस चौतीस वर्षांचा ऑपरेटर होता.

ती पुन्हा इकडे वळली. चेहऱ्यावर तेच हसू. "बरं, मग बाबा, आणखी काय?"

"अगं," काका म्हणाले. "एक विचारायचं होतं."

"बरं, विचारा की."

काकांनी तोंड उघडलं. मी स्टुलाच्या कडेवर आले होते. मनातल्या मनात ओरडत होते, विचारा हो, विचारा! आणि मी बघितलं, त्यांचा उजवा हात टेबलावरून खाली निघाला होता. अगदी सावकाश. वाकले नाहीत, खाली बघितलं नाही, नजर पडद्यावर, मुलीच्या चेहऱ्यावर. डब्याचं बटण त्यांनी अंगठ्याने दाबलं आणि दाबूनच धरलं.

पडदा काळा झाला. पंखा थांबला.

"काका!" मी उठलेच. "ती विचारा म्हणाली होती! अहो, ती हो म्हणाली असती!"

"असेलही," काका म्हणाले. हात अजून बटणावरच होता. "पण तिसरं झालं होतं ना."

टेबलावरचा छोटा फोन वाजला. त्यांनी चष्मा वर करून मेसेज वाचला, मग मला वाचून दाखवला. "पडला ना शेवटी! बाबा, आता नवा घ्या बाई कॉम्प्युटर. पुढच्या रविवारी बोलू." वाचून त्यांनी मान हलवली, जणू काम व्यवस्थित पार पडलं. कागदावरचा नववा मुद्दा तेवढा टिकमार्कवाचून राहिला होता. त्यांनी तो नव्या कागदावर उतरवला, पुन्हा नववाच क्रमांक घालून, वरचे आठ रिकामे सोडून. मग पलंगावरचं कव्हर उचललं आणि वाकायला लागले.

मला फार राग आला होता. त्यांचा, मुलीचा, त्या चालणाऱ्या मशिनचा. सांगायचं होतं पुष्कळ. तोंडातून निघालं ते एवढंच, "गरम आहे अजून. अर्ध्या तासाने घाला."

"बरं," ते म्हणाले, आणि कव्हर मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिले.

मी पिशवीतून कार्ड काढलं. काकांनी विचारलं, "काय लिहिणार?" मी त्यांच्यासमोरच लिहिलं: 'दोष आढळला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बघणे. वेळ अकरा.' त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि खाली सही केली.