नॅशव्हिलचं ग्रीक देऊळ आणि आईचे दडपे पोहे

टेनेसीत ग्रीक देऊळ बघायला जायचंय म्हटल्यावर आई म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन खोटं देऊळ बघायचं?" पण माझ्या तेरा वर्षांच्या लेकीचं, सईचं, शाळेत सॉक्रेटिसवर प्रोजेक्ट होतं, आणि अथेन्सच्या त्या प्रसिद्ध देवळाची तेवढीच मोठी प्रतिकृती नॅशव्हिलला आहे. अथेन्सच्या विमान तिकिटांपेक्षा पेट्रोल स्वस्त. मे महिन्याच्या लाँग वीकेंडला मी, नवरा अमोल, सई आणि संगमनेरहून आलेली आई असे निघालो.

रस्ता सोपा आहे. आम्ही राहतो त्या मॉरिसव्हिलहून इंटरस्टेट फॉर्टी हा हायवे धरायचा आणि नॅशव्हिलपर्यंत सोडायचा नाही. पहाटे निघा, कारण अ‍ॅशव्हिलच्या पुढे घाटात काम चालू असलं की गाड्या मुंगीच्या गतीने सरकतात. जाताना घड्याळ एक तास मागे जातं, ती कमाई परतताना परत द्यावी लागते.

गाडीत सईने सॉक्रेटिस सांगितला. पाथरवटाचा मुलगा, अनवाणी हिंडायचा, स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही. बाजारात भेटेल त्याला थांबवून विचारायचा, तुला हे कसं माहीत? भलेभले गडबडायचे. आपल्याला माहीत नाही, एवढं तरी आपण ओळखून आहोत, हेच त्याचं शहाणपण. शेवटी लोक वैतागले, खटला भरला, विषाचा प्याला दिला. मित्र पळवून न्यायला तयार होते, पण हा गेला नाही.

"लोकांचं मला पटतंय यार," अमोल म्हणाला. सकाळपासून सई त्यालाही तेच प्रश्न विचारत होती.

"आजी, गुड पर्सन म्हणजे कोण?"

"जो आजीला गाडीत झोपू देतो तो."

टेनेसीत शिरल्यावर एका नदीकाठच्या पिकनिक एरियात थांबलो. आईने दडपे पोहे आणले होते, पण कोथिंबीर फ्रिजमध्येच राहिली. आता माझ्या आईची ओळख करून देते. संगमनेरच्या माळावरची प्रत्येक रानभाजी ती ओळखते, आणि "मला माहीत नाही" हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. आम्ही चटया घालेपर्यंत ती पार्किंगच्या कडेने ओंजळभर नाजूक, कातरलेला पाला खुडून आली. "रानगाजराचा पाला आहे. कोथिंबिरीच्या जागी झकास." विमानापासून तिला सर्दी होती, वास येत नव्हता. पाला हाताने चुरून तिने पोह्यांत कालवलाही.

"आजी, हाऊ डू यू नो?"

"अगं, पन्नास वर्षं भाज्या निवडतेय मी."

"बट हाऊ डू यू नो, की इथेही सेमच असतं?"

आईचा चेहरा पडला. केलेल्या खाण्यावर शंका घेणं आमच्या घरात शिवी दिल्यासारखं आहे. मी सईला दटावलं आणि पहिला घास उचलला. तिने माझं मनगट धरून घास खाली ठेवायला लावला आणि पळत जाऊन त्या झाडाचा दांडा बघून आली. दांड्यावर जांभळे डाग होते, तिने प्रोजेक्टसाठी बघितलेल्या फोटोत होते तसेच. "मम्मा, डोन्ट! इट्स हेमलॉक. हेच दिलं होतं सॉक्रेटिसला."

अमोलने फोनवर फोटो टाकून बघितला. तेच नाव आलं. कोणी खाल्लं नाही ना, हे आम्ही एकमेकांना पुन्हा पुन्हा विचारलं. पोहे डब्यासकट पिशवीत बांधून टाकून दिले, आईचे हात साबणाने घासून घासून धुतले. जेवण म्हणजे गॅस स्टेशनवरची केळी आणि चिप्स. नॅशव्हिलपर्यंत आई खिडकीबाहेर बघत राहिली. रात्री अमोलने मागवलेलं तिथलं प्रसिद्ध हॉट चिकन झणझणीत होतं, पण कोणाला चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी देऊळ. तिकीट परवडण्यासारखं आहे, वेळा मात्र आधी बघून जा. काँक्रीटचे खांब जवळून बघितले की मान दुखते. आत सोन्याने मढवलेली अथेना दोन मजले ओलांडून वर गेलेली. "खरं देऊळ सॉक्रेटिसच्या डोळ्यांसमोर बांधलं," सई इंग्रजीत सांगत होती.

"प्याला घेताना कोण होतं त्याच्याजवळ?" आईने विचारलं. कालपासूनचं पहिलं वाक्य.

"फ्रेंड्स. ते रडत होते."

आई बाकावर बसली आणि तिला रडू फुटलं. "माझ्या हाताने तुम्हाला वाढत होते गं मी."

"आजी, यू डिडन्ट नो."

"पण माहीत आहे म्हणाले ना."

सई तिला बिलगून बसली. मीही दुसऱ्या बाजूला बसले, कारण पोरीला दटावणारी मीच होते.

घरी येऊन पंधरवडा झाला. फोटोंत खांब छान आलेत, सईला प्रोजेक्टमध्ये ए मिळाला. काल शेजारच्या काकू फार्मर्स मार्केटमधून कसलीशी लाल देठांची जुडी घेऊन आल्या. "मावशी, तुम्हाला सगळं माहीत असतं. कशी करायची ही?"

आईने जुडी उलटसुलट केली, देठ बघितले, वास घेतला. मी भांडी विसळता विसळता थांबले.

"मला माहीत नाही," आई म्हणाली. "सई, बघ गं जरा."

एरवी इंग्रजी मिसळल्याशिवाय न बोलणारी सई फोन ठेवून उठली, आजीशेजारी ओट्याला टेकली आणि म्हणाली, "मलापण नाही माहीत, आजी. बघूया."